खिंडीखालून माघारी आणणाऱ्या थांबा मॅडम

गेल्या एप्रिलमध्ये थांबा मॅडमनी आम्हा सगळ्यांना बर्फातून धड हातापायांनी बोरीवलीला परत आणलं, आणि त्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी आमच्या कॉलेजनं त्यांच्याकडून गिरिभ्रमण मंडळ काढून घेतलं. अन्याय कोणावर झाला आणि कधी झाला, हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. नंतर लोक 'काहीतरी गैरसमज झाला असेल' म्हणायला लागतात. गैरसमज वगैरे काही नव्हता. कारण लेखी दिलं होतं : 'नेतृत्वक्षमतेचा अभाव'. निरभ्र सकाळी, खिंड समोर दिसत असताना, चिडलेला आख्खा गट जिनं मागे वळवला, त्या बाईत म्हणे नेतृत्व नाही!

यावर मी पत्रक काढलं आहे. बोरीवली स्टेशनबाहेर उभं राहून वाटलंही आहे. पण पत्रकाच्या एका पानात मागणी मावते, माणूस मावत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

त्या आम्हाला भूगोल शिकवायच्या. अजूनही शिकवतात, तेवढी कृपा कॉलेजनं ठेवली आहे. खरं नाव हजेरीपुरतं. आमच्यासाठी त्या थांबा मॅडम. रविवारी नॅशनल पार्कच्या गेटातून आत शिरलो की थोड्याच वेळात मागून हाक यायची, "थांबाऽऽ!" आवाज असा, की आमच्याशी काही देणंघेणं नसलेले मॉर्निंग वॉकवाले आजोबाही जागच्या जागी उभे राहायचे. मग मॅडम शांतपणे सगळ्यांच्या तोंडाकडे बघत पुढे यायच्या. कोण लाल झालंय, कोण बोलायचं बंद झालंय, कोण उगाच हसतंय. "दमलेला माणूस ओळखायला सोपा," त्या म्हणायच्या. "तो 'मी ठीक आहे' असं न विचारता सांगतो."

त्यांचा एक नियम होता आणि त्यावरून दर रविवारी भांडण व्हायचं. सगळ्यांत हळू चालणाऱ्यानं पुढे चालायचं. बाकीच्यांनी त्याच्या मागे. त्याला ओलांडायचं नाही. आमच्यात सगळ्यांत हळू तेजल, आणि सगळ्यांत जोरात ओंकार. ओंकार म्हणजे नुसता घोडा. तेजलच्या मागे चालताना त्याचे पाय शिवशिवायचे.

"मॅडम, या स्पीडनं आपण पुढच्या वर्षी पोचू."

"पुढच्या वर्षी तुला काही काम आहे का रे?"

"नाही, पण..."

"मग चल. आणि तिच्या टाचा बघत चल. वाकडा पाय पडायला लागला तर मला सांग. तुला घाई आहे ना? मग कामाला लाग."

तेजल बिचारी मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. सगळ्यांच्या पुढे आणि सगळ्यांमुळे खजील. पण दोन-तीन महिन्यांत कधीतरी एक चमत्कार झाला : ती बोलायला लागली. मान मागे वळवून बिनधास्त सांगायची, "ए, मला धाप लागली, थांबा रे." आणि आम्ही थांबायचो. ओंकार फक्त आकाशाकडे बघायचा.

दुसरी सवय जास्त भयंकर. प्रत्येक विसाव्याला मॅडम मोठ्यानं तीन प्रश्न विचारायच्या : पाणी प्यालात? पाय कोरडे? लघवीला जाऊन आलात? मुलगे-मुली एकत्र. उत्तर प्रत्येकानं तोंडानं द्यायचं, मान हलवलेली चालायची नाही. पहिल्या रविवारी आम्हा मुलींना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी तर तत्त्वाचा मुद्दा काढला, की हा खासगीपणाचा भंग आहे. मॅडम मूळच्या मालवणकडच्या. वर्गात एकदम शुद्ध बोलायच्या, पण चिडल्या किंवा माया आली की मालवणी बाहेर यायची. म्हणाल्या, "गो बाय, भंग-बिंग मागाहून कर. जाऊन इलंस काय नाय, ता सांग." पुढे पुढे आम्ही पार्कातली माकडं पळतील इतक्या मोठ्यानं उत्तरं द्यायला लागलो. पाणी पिऊ नये म्हणजे जावं लागत नाही, हे गणित मुंबईतल्या प्रत्येक मुलीला पाठ असतं. मॅडमनी आमचं ते गणित मोडलं. कॉलेजनं पुढे याचीच तक्रार म्हणून नोंद केली : 'मुलांसमोर अशोभनीय प्रश्न'.

हिमालयाची तयारी आम्ही दहिसरला केली. मॅडम राहतात तो टॉवर उंच आहे आणि त्याची लिफ्ट मनस्वी आहे. पाठीवरच्या सॅकमध्ये तांदूळ भरून त्या आम्हाला जिना चढायला लावायच्या. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई लेंग्यावर बाहेर आले. "मॅडम, ही सोसायटी आहे, हिमालय नाही."

"लिफ्ट बंद असते तेव्हा हिमालयच असतो, शहाभाई. तुम्हीपण या, गुडघ्यांना बरं."

शहाभाई आले नाहीत, पण पुढच्या रविवारी त्यांच्या बायकोनं वरच्या मजल्यावर लिंबाचं सरबत ठेवलं होतं.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या आणि आम्ही कुल्लूकडे निघालो. खाली सफरचंदाची झाडं फुललेली, आणि वर खिंडीखाली अजून गुडघाभर बर्फ. आमच्यापैकी कोणीच आयुष्यात बर्फ पाहिलेला नव्हता. पाहिला होता तो गोळ्याचा, काला खट्टा घातलेला. पहिल्या दिवशी ओंकारनं तो खाऊनही पाहिला आणि "चव नाय यार" असा निकाल दिला. मॅडम मोज्यांच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. पायमोजे कोरडे ठेवा, जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, रात्री बदला. एवढे पायमोजे की आईनं विचारलं होतं, दुकान लावायला चाललीस का.

खिंडीखालच्या तळावर आम्ही दुपारी पोचलो. मॅडम आणि वाटाडे ठाकूरजी वरचा उतार पाहून यायला गेले. आम्ही तंबूंपाशी, ऊन छान, समोर हवा तेवढा बर्फ. बोरीवलीतली पोरं अशा वेळी काय करणार? किल्ला. दर दिवाळीला बिल्डिंगच्या कोपऱ्यात माती कालवून करतो, तसा. ओंकारनं बुरूज घेतले, तेजलनं तटबंदी. कोणीतरी बिस्किटांच्या तोफा लावल्या. सगळे कोपरापर्यंत बर्फात. असा किल्ला आमच्या सोसायटीत कधी झाला नव्हता.

मॅडम उतरून आल्या तेव्हा आम्ही बाजूला होऊन उभे राहिलो, परीक्षक आल्यासारखे. त्यांनी चहूबाजूंनी बघितलं. "सिंधुदुर्ग?"

"हो!"

"मग दरवाजा असा उघडा नको. बाहेरून दिसताच कामा नये तो." आणि स्वतः बसून त्यांनी तटाला वळण दिलं, दरवाजा आत लपवला. मग उठता उठता त्यांची नजर आमच्या हातांवर गेली. लोकरीचे हातमोजे पाण्यानं निथळत होते. सगळ्यांचे. त्यांचा चेहरा उतरला. ओरडल्या नाहीत. "काढा. पिळा. मी पायमोज्यांचं बोलत राहिले, हातमोज्यांचं बोललेच नाही," एवढंच म्हणाल्या.

सकाळी हातमोजे पापडासारखे कडक झाले होते. तंबूत वाळत घातलेले, तरीही. आकाश मात्र निळंशार आणि खिंड अशी समोर, की हात लांब केला तर लागेल. मॅडम रांगेनं प्रत्येकाचे हात बघत आल्या. तेजलनं खिशातून हात काढले नाहीत.

"मस्त आहे मॅडम. एकदम झकास."

"मी विचारलंच नाही अजून. हात दाखय माका."

बोटांची टोकं पांढरी पडली होती, मेणासारखी. मॅडमनी स्वतःच्या जॅकेटची चेन उघडली, तेजलचे दोन्ही हात आपल्या काखेत धरले आणि तशाच उभ्या राहिल्या. ठाकूरजी म्हणाले, "जा सकते हैं, मॅडमजी. आगे आपकी मर्जी." मॅडमनी वर खिंडीकडे पाहिलं. खूप वेळ नाही. "थांबा," त्या म्हणाल्या. "आपण खाली जातोय."

जो आरडाओरडा झाला तो मी इथे देत नाही. ओंकारचं तेवढं सांगते. "मॅडम, ज्यांचे हात ठीक आहेत ते जाऊ देत ना! वर्षभर जिने चढलो आम्ही!"

"वर दोर धरून जायचंय. बोटं वळत नसली तर दोर सुटतो. दोन तुकडे करून एक तुकडा माझ्या नजरेआड सोडणार नाही. गेलो तर सगळे."

"म्हणजे तेजलमुळे..."

"तेजलमुळे नाही. माझ्यामुळे. घरी जाऊन असंच सांग, मॅडमनी नेलं नाही."

मग ते पायमोज्यांचं दुकान उघडलं. प्रत्येकानं जादा जोड हातांत चढवले आणि आम्ही उतरायला लागलो. रंगीबेरंगी मोज्यांचे हात, कळसूत्री बाहुल्यांची वरात. पुढे तेजल रडत, मागे ओंकार फुरंगटून, पण डोळे तिच्या टाचांवर. देवदारांपाशी पोचेपर्यंत तिच्या बोटांत रक्त फिरलं आणि ती ठणक्यानं किंचाळली. मॅडमच्या तोंडावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. "दुखतंय? छान! ओरड, आणखी ओरड."

त्या मुलीची दहाही बोटं आज जागच्या जागी आहेत. ती हार्मोनियम वाजवते.

आणि कॉलेजात काय झालं? प्राचार्यांच्या खोलीत चौकशी समितीची बैठक. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी हजर. ओंकारचे वडील म्हणाले, "आम्ही मुलाला खिंड पार करायला पाठवलं होतं. प्रमाणपत्रपण नाही मिळालं." दुसरे एक पालक म्हणाले, आकाश स्वच्छ होतं, फोटो आहेत. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "हातमोज्यांची चूक माझी. ती लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "परत फिरले ती चूक नाही. ती लिहू नका." समितीनं नेमकं उलटं लिहिलं. हातमोज्यांचा शब्दही नाही. परत फिरणं मात्र ठळक अक्षरांत. मी त्या खोलीत टेबलावर हात आपटला. अजून आपटायला हवा होता.

आता मंडळाची यंदाची सहल एका खासगी कंपनीला दिली आहे. कॉलेजच्या फलकावर त्यांची जाहिरात आहे : 'खिंड पार होणारच! प्रमाणपत्रासह.' होणारच? बर्फानं यांना हमी लिहून दिली आहे काय?

मी पत्रकाचा मसुदा घेऊन दहिसरला गेले. मॅडमनी चष्मा लावून वाचला. "यात 'अन्याय' किती वेळा गं? आणि हे 'रणरागिणी' काढ. भूगोल शिकवते मी." मग कागद खाली ठेवला. "मंडळ माझ्याकडे नाही आलं तरी चालेल. पण ते 'होणारच' आधी खोडायला लाव. पार होणारच असं एकदा ठरलं ना, की ज्याचे हात बधिर झालेत तो गप्प बसतो. बाकीच्यांसाठी गप्प बसतो. मला त्याची भीती आहे."

मॅडमची मागणी एवढीच आहे. माझी जास्त आहे, आणि मी एकटी नाही. मंडळ गेलं, तरी रविवार कोणाच्या बापाचा नाही. आम्ही जुनी मुलं नव्या मुलांना घेऊन पार्कात जातो, हळू चालणारा पुढे, तिन्ही प्रश्न मोठ्यानं. मध्यंतरी बारावीतल्या एका मुलीचा पाय मुरगळला आणि ओंकारनं सगळ्यांना परत फिरवलं. मागून एकजण कुरकुरला, "आता हिच्यामुळे..." ओंकार वळून म्हणाला, "माझ्यामुळे. चल, तिची सॅक घे." दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून स्टेशनबाहेर आला आणि माझ्या हातातला पत्रकांचा अर्धा गठ्ठा त्यानं काढून घेतला. त्याचे वडील अजून त्याच्याशी धड बोलत नाहीत. पण परवा त्यांनी पत्रक मागून घेतलं, आणि टाकून न देता घडी करून खिशात ठेवलं. तेजलची आई तर आता घरोघर फोन करते आहे.

या शनिवारी कॉलेजात पालकसभा आहे. नवा गट एप्रिलमध्ये निघणार आहे आणि त्यात तुमचं मूल असेल, भाचा असेल, शेजारची मुलगी असेल. या. मागच्या खुर्चीत बसून चहा पिऊन जाऊ नका. उभे राहा आणि प्राचार्यांना विचारा : वर बर्फात माझ्या पोराची बोटं पांढरी पडली, तर 'थांबा' कोण म्हणणार? त्या माणसाचं नाव सांगा. नाव सांगेपर्यंत खाली बसू नका. आणि ते नाव थांबा मॅडमचं नसेल, तर संमतीपत्रावर सही करू नका.