तोच शर्ट

सिनेमाच्या धंद्यात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे वहीताई म्हणत. गळ्यात दोरीनं बांधलेली पेन्सिल, काखेत जाडजूड वही आणि नाकावरून घसरणारा चष्मा, अशा थाटात ती कॅमेऱ्याशेजारच्या स्टुलावर बसलेली असे. तिचं काम ऐकायला सोपं. सिनेमा काही सलग चित्रित होत नाही. शेवट आधी उरकतात, सुरुवात महिन्याभरानं करतात, मधलं जमेल तसं. मग नायकानं दारातून निघताना पिशवी डाव्या हातात धरली असेल, तर तीन आठवड्यांनी रस्त्यावर पाऊल टाकताना ती डाव्याच हातात हवी. कप अर्धा होता की पाऊण, केस कानामागे होते की कानावर, शर्टाची किती बटणं उघडी, हे सगळं वहीताई लिहून ठेवी, शेजारी फोटो चिकटवी आणि कुणी चुकलं की चारचौघांत सांगे. एकदा एका मोठ्या नटानं रडण्याचा सीन असा काही रंगवला की सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर ही स्टुलावरून म्हणाली, "घड्याळ उजव्या हातात आहे. काल डाव्या हातात होतं." बिचाऱ्याला पुन्हा रडावं लागलं. दुसऱ्या वेळी तो जास्त मनापासून रडला, असं लोक अजून सांगतात.

बत्तीस वर्षं तिनं हेच केलं. लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. दोन खोल्यांचं घर, आणि त्यातलं एक अख्खं कपाट वह्यांनी भरलेलं.

धाकटा भाऊ तिच्याहून आठ वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो चौदाचा होता. आई आणि तो हिच्याकडे राहायला आले, म्हणजे त्याला वाढवलं ते हिनंच. सिनेमाचं वेडही हिनंच लावलं. स्वयंपाकघरातल्या फरशीवर ती मासिकातून कापलेली तीन चित्रं मांडायची. एक जेवणारा माणूस, एक रडणारं मूल, एक बंद दार. आधी मूल, मग दार, मग माणूस ठेवला की तो निर्दयी बाप व्हायचा. आधी माणूस, मग दार, मग मूल ठेवलं की तोच माणूस जेवून कामावर निघून गेलाय आणि मूल त्याच्यासाठी रडतंय. "चित्रं तीच," ती सांगायची. "एकटा सीन काहीच बोलत नाही रे. त्याच्या आधी कोण बसलंय आणि नंतर कोण, त्यावर सगळं असतं." धाकटा तासन्‌तास ती चित्रं इकडची तिकडे करत बसे. पुढे तो दिग्दर्शक झाला. सेटवर ती त्याला 'सर' म्हणायची आणि घरी 'धाकट्या'. दोन्ही म्हणताना तिची कॉलर ताठ असायची.

मग एक दिवस तो म्हणाला, "ताई, बाबांवर पिक्चर करतोय."

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. चाकासमोर मान खाली घालून दिवस काढलेला माणूस, अबोल आणि तापट. ही बावीस वर्षांची असताना म्हणाली की मला सिनेमात काम मिळालंय, दुसऱ्या शहरात. बाबांनी हातातलं ताट सरकवलं. "जायचं असेल तर जा. पण मग या घरात परत पाऊल टाकायचं नाही." तो मंगळवार. बुधवारी घरात कुणी कुणाशी बोललं नाही. गुरुवारी सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. दाराशी आई होती, बाबा आतल्या खोलीत. ती कोपऱ्यापर्यंत पोचते न पोचते तोच मागून चपलांचा फटक फटक आवाज आला. बघते तर बाबा धावत येताहेत, आणि पायांत एक स्वतःची काळी चामड्याची चप्पल, दुसरी आईची निळी रबरी. घाईत जी सापडली ती. त्यांनी तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि बसथांब्यापर्यंत स्वतः नेली.

"मी काय, रागात बोलतो," ते म्हणाले. "माझं बोलणं तू कधीपासून मनावर घ्यायला लागलीस?"

बस आली. ती चढल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "रविवारी दुकानात फोन करत जा. आणि तिथं कुणाला चष्मा लागला तर आपल्याकडे पाठव."

इकडे आई दारात उभी. चप्पल घालायला गेली तर तिच्या वाट्याला एक निळी, एक काळी. ही गोष्ट आईनं पुढे वर्षानुवर्षं सांगितली. आल्यागेल्याला सांगायची, सांगताना आधी हसायची आणि शेवटी डोळे पुसायची. त्या गुरुवारनंतर तेरा रविवार मुलीनं फोन केला. चौदाव्या रविवारच्या आधी बाबा चाकासमोर बसल्या बसल्या गेले. छातीत कळ आली आणि संपलं.

हे सगळं धाकट्याला पाठ होतं. तरी वहीताईनं त्याला समोर बसवून सांगितलं, "तुला काय दाखवायचं ते दाखव. भांडण दाखव, मी कशी उलट बोलले तेही दाखव. माझं एकच मागणं आहे. बसथांब्याचा सीन हवा. तो नसला तर मी बापाला टाकून गेले असं होईल, आणि ते आईसमोर मला सोसायचं नाही."

"ताई, काय बोलतेस?" धाकट्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तो सीन म्हणजे पिक्चरचा जीव आहे."

शूटिंग सुरू झालं. भांडणाच्या सीनमध्ये बाबांचं काम करणाऱ्या नटाला चौकड्यांचा शर्ट दिला होता, खिशावर शाईचा डाग, दुसरं बटण उघडं. वहीताईनं सगळं लिहून घेतलं. चौथ्या दिवशी बसथांबा. नट त्या दोन निराळ्या चपलांत असा धावत आला की वहीताईला समोरचं दिसेना. चष्मा पुसून तिनं फोटो काढला, वहीत चिकटवला आणि खाली लिहिलं: डावी काळी, उजवी निळी.

अकराव्या दिवशी बाबा जातात तो सीन होता. कपडेपटवाला निळा शर्ट घेऊन आला, कारण मध्ये तीन महिने जायचे होते. धाकट्यानं मान हलवली.

"चौकड्यांचाच घाला. निळा उठून दिसत नाही."

"सर, तीन महिन्यांनंतरचा सीन आहे," वहीताई म्हणाली. "तोच शर्ट दिसला तर त्याच दिवशीचा वाटेल."

"माणूस तीन महिन्यांत एक शर्ट दोनदा घालत नाही का?" सगळे हसले. ती पण हसली. बाबांकडे शर्ट तरी किती होते म्हणा! मग तो घालायचाच तर नीट घालू दे, म्हणून तिनंच नटाचं दुसरं बटण उघडलं. शर्ट धुऊन आला होता आणि डाग गेला होता. तेही तिच्याच लक्षात आलं. पेन मागून घेऊन तिनं खिशावर पहिल्याच्या जागी, पहिल्याएवढा डाग लावला. काम म्हणजे काम.

ट्रायल शोला घरचे सगळे होते. पहिल्या रांगेत आई, तिच्या मागे मामा-मामी, बाबा गेले तेव्हा दूर परगावी असलेले. पडद्यावर भांडण झालं. ताट सरकलं. "परत पाऊल टाकायचं नाही." मुलगी पिशवी घेऊन दाराबाहेर पडली. वहीताई खुर्चीत पुढे सरकून बसली, आता चपलांचा आवाज येणार म्हणून. आवाज आला तो चाकाचा. चाकासमोर बाबा, अंगात चौकड्यांचा शर्ट, दुसरं बटण उघडं, खिशावर डाग. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि ते पुढे कोसळले. अख्ख्या हॉलनं श्वास रोखला.

"अगं बाई," मामी मागून पुटपुटली, "पोरगी उंबरा ओलांडते न ओलांडते, तोच गेले की गं!"

बाहेर धाकट्याभोवती ही गर्दी. वहीताई ती गर्दी सारून त्याच्यापर्यंत गेली. "बसथांबा कुठाय?"

त्यानं तिला बाजूला घेतलं. "ताई, ऐक. एडिटिंगला बसलो तेव्हा कळलं. सीन सुंदर आहे, पण तिथं गोष्ट सैल पडते. बापानं माफ करून टाकलं म्हटल्यावर पुढे रडायला कुणाला येणार? काळजावर दगड ठेवून काढला, विचार कुणालाही."

तिला राग आला, पण तिनं गिळला. बत्तीस वर्षांत तिनं एडिटिंगच्या टेबलावर भले भले सीन जाताना पाहिले होते. आणि खरं सांगायचं तर तो म्हणत होता ते चूक नव्हतं. तो सीन काढल्यावर पिक्चर काळजाला जास्त लागत होता. मामा निघताना तिच्याशी धड बोलला नाही, तेही तिनं गिळलं. धाकट्यानं शब्द मोडला, पण नाइलाजानं मोडला, असं तिनं स्वतःला दोन दिवस समजावलं.

तिसऱ्या दिवशी ती वही कपाटात ठेवायला गेली. ठेवण्याआधी सवयीनं पानं चाळली. अकराव्या दिवसाचं पान आलं. तिच्याच अक्षरात लिहिलेलं: तोच शर्ट. दुसरं बटण उघडं. खिशावर डाग, नव्यानं लावला.

ती उभी होती तिथंच खाली बसली. मग फोन लावला.

"शर्ट कधी ठरला?"

"कुठला शर्ट?"

"अकराव्या दिवशी तू शर्ट बदललास. मध्ये बसथांबा असता तर तुला निळा चालला असता. चौकड्यांचा कशाला हवा होता? भांडणाला चिकटवायला. टेबलावर बसायच्या आधीच तू तो सीन काढला होतास."

पलीकडून दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग धाकटा म्हणाला, "ताई, तुला सांगितलं असतं, तर तू डाग लावला असतास का?"

तिनं फोन ठेवला. सीन गेल्याचं दुःख वेगळं. हा तिच्याच हातानं तिचा गळा कापून घेण्याचा प्रकार होता. परक्या कुणी हे केलं असतं तर चुकीचा सांधा कुठंतरी दिसला असता, कुणीतरी म्हणालं असतं की छे, हे त्याच दिवशीचं नाही. सांधा दिसला नाही, कारण तो तिनं जोडला होता. ज्याला फरशीवर बसून हे शिकवलं, त्यानंच तिच्यावर ते वापरलं. ती त्या दिवशी जेवली नाही.

तरी एक गोष्ट तिच्या हातात होती. लोकांना काय समजायचं ते समजू दे, आई तर दारात होती! एक निळी आणि एक काळी चप्पल घेऊन उभी राहिलेली बाई अजून जिवंत होती.

मधे दोन-अडीच महिने ती धाकट्याच्या घरी फिरकलीच नाही. मग एका रविवारी वही पिशवीत घालून गेली. आई त्याच्याकडेच असायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कान बरे, डोळे बरे, आठवण तेवढी हल्ली विरत चाललेली. धाकट्यानं तिला घरच्या टीव्हीवर पिक्चर लावून दिला होता आणि ती तो रोज दुपारी बघायची.

"ये, अशी जवळ बस," आई म्हणाली. तिनं मुलीचा हात हातात घेतला. "तुला कधीचं सांगायचं होतं. तू गेलीस आणि त्याच दिवशी हे गेले. पण मी तुला कधी दोष दिला नाही हो. तुझं वय होतं ते. मनात काही ठेवू नकोस. मी तुला केव्हाच माफ केलंय."

"आई, काय बोलतेस? त्याच दिवशी नाही गेले. तीन महिन्यांनी गेले. आणि मला सोडायला आले होते ते, बसथांब्यापर्यंत. चपला आठवतात ना? एक तुझी, एक त्यांची. तूच तर सांगायचीस!"

आईनं कपाळाला आठ्या घातल्या. मनापासून आठवायला लागली. "चपला?" ती म्हणाली. "मी इतक्यांदा पाहिला, पण तसं कुठं आहे गं त्यात?"

वहीताईनं घाईघाईनं वही काढली, चौथ्या दिवसाचं पान उघडलं आणि फोटो आईसमोर धरला. धावणारा माणूस, डावी काळी, उजवी निळी. आईनं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि हसली. "हा तर नट आहे, वेडे. ह्यांचं नाक असं कुठं होतं?"

धाकटा चहाचे कप घेऊन दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. वहीताईनं त्याच्याकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं, आणि आई त्याच्या शब्दाबाहेर नव्हती.

"सांग तिला," ती म्हणाली. "धाकट्या, तू सांग."

त्यानं आईकडे पाहिलं, मग कपांकडे. "आई," तो म्हणाला, "चहा गार होतोय."

आईचा हात अजून तिच्या हातावर होता. तो सुरकुतलेला अंगठा तिच्या बोटांवरून फिरत होता. इतक्या वर्षांचं ओझं आज लेकीच्या डोक्यावरून उतरवलं, अशा समाधानानं आई तिच्याकडे बघत होती. "रडू नकोस," ती म्हणाली. "चुकलं म्हणायचं आणि सोडून द्यायचं. मी आहे ना."

चूक दिसली आणि वहीताई गप्प बसली, असं बत्तीस वर्षांत कधी झालं नव्हतं. तिनं वही मिटली, पेन्सिल दोरीनं गुंडाळून ठेवली.

"चुकलं, आई," ती म्हणाली.