आजारी माणसाची हजेरी

आम्ही कॉलेजात होतो तेव्हा लढाई चालू होती. सांगलीबाहेर माळावर आमचं कॉलेज आणि त्याच्यामागे वसतिगृहाच्या दोन बैठ्या ओळी. रॉकेल रेशनवर, म्हणून अभ्यास दिवसाउजेडी उरकायचा. फाटकाबाहेर अधूनमधून भरतीवाले टेबल मांडून बसत आणि आमच्यातल्या धिप्पाड पोरांकडे बाजारात बैल पारखावेत तसे बघत. माझ्याकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. मी साताऱ्याच्या एका शाळामास्तरांचा मुलगा, काडीपैलवान.

माझा खोलीतला जोडीदार मात्र त्यांना हवा तसा होता. कराडजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा, त्या गावातून कॉलेजात आलेला पहिलाच. आवाज घोगरा, बोलणं गावाकडचं, पण इंग्रजी लिहायला बसला की माझ्याहून सरस. हे मला खुपायचं. आता या वयात खोटं कशाला बोलू.

त्याला नादारी होती, म्हणजे फी माफ. टर्म गेली की नादारी जाणार आणि नादारी गेली की कॉलेज सुटणार, एवढा सरळ हिशेब. टर्म मिळायची तर ठरावीक दिवस वर्गात हजेरी लागे. आजारपणाची सवलत होती, पण डॉक्टरचं सर्टिफिकेट आणावं लागे.

आणि वसतिगृहाची एक रीत होती. खोलीतला एक जण वर्गात नसला, तर त्याचा नंबर पुकारला की दुसऱ्यानं ‘यस सर’ म्हणायचं. त्यात विचारायचं नाही, सांगायचं नाही. जो हे करणार नाही तो माणूसघाणा, त्याला कुणी चहाला बोलवायचं नाही. प्राध्यापक मान खाली घालून नंबर वाचत आणि खुणा करत. मी जोडीदाराचा घोगरा आवाज इतका झकास काढायचो, की मागच्या बाकावर खसखस पिकायची.

एका रविवारी तो अंगात कणकण घेऊन घरी गेला. म्हणाला, ‘चार दिसांत येतो गड्या.’ सोमवारपासून मी त्याची हजेरी लावायला लागलो. चार दिवसांचे पंधरा झाले. मग त्याच्या थोरल्या भावाचं कार्ड आलं, विषमज्वर झालाय म्हणून. ते वाचून मी थांबायला हवं होतं. पण मला तर जास्तच चेव आला. पोरगं तिकडे अंथरुणाला खिळलंय आणि इकडे मी त्याची टर्म सांभाळतोय, या विचारानं मला स्वतःचंच कौतुक वाटायचं. आजारी माणसाच्या घरचे सर्टिफिकेट काढतील, ही साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही. इतका शिकलेला मूर्ख मी नंतर पाहिला नाही.

महिन्याभरानं तो थोरला भाऊ आला. धुवट धोतर, डोक्याला पटका, खिशात कराडच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट घडी करून ठेवलेलं. मीच त्याला प्रिन्सिपॉलसाहेबांकडे घेऊन गेलो. साहेबांनी कारकुनाकडून हजेरीपट मागवला. कागद एकीकडे, पट दुसरीकडे, बराच वेळ बघत राहिले.

‘हा मुलगा महिनाभर अंथरुणात होता म्हणता. आमच्या पटात तो रोज वर्गात आहे. दोन्हींपैकी एक खोटं आहे,’ ते म्हणाले.

भावाला काही उमजेना. तो माझ्याकडे वळला. ‘आवं, तुमी तर संगं ऱ्हाता. सांगा की सायबास्नी, त्यो घरीच हुता म्हून.’

मी म्हणालो, ‘हो, तो घरीच होता.’ तेवढंच.  

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः वर्गात आले. ज्यानं खोटी हजेरी लावली, त्यानं शनिवारपर्यंत येऊन कबूल करावं. त्याची टर्म जाईल, पण आजारी मुलाचं सर्टिफिकेट मान्य होईल. कुणी आलं नाही, तर आजारी मुलाची टर्म जाईल. बोलणं इतकं स्वच्छ, की न कळण्याची सोयच नव्हती. तो मीच, हे वर्गातल्या निम्म्या पोरांना ठाऊक होतं. कुणी माझं नाव घेतलं नाही. तीही रीतच.

शुक्रवारी मी साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि परत फिरलो. वडील आठवायचे. माझं वर्ष बुडालं असतं तर ते रागावले नसते, नुसते गप्प झाले असते, आणि त्या गप्पपणाला मी भ्यालो. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण काही नव्हतं. भित्रा होतो मी.

शनिवारी जोडीदार आला. डोक्याचे केस काढलेले, गालफडं बसलेली, जिना नव्हता तरी भिंत धरून चालत होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकून खाटेवर टेकला आणि म्हणाला, ‘तुझं बी चुकलं न्हाई. माझ्यावर पाळी आली असती तर म्या हेच केलं असतं.’ मग तो साहेबांकडे गेला. मी बाहेर उभा. साहेबांनी चांगल्या शब्दांत समजावलं, एक नाव सांग, आजच तुझी टर्म मंजूर करतो.

‘मला म्हाईत न्हाई, सर,’ तो म्हणाला. तीनदा विचारलं, तीनदा तेच.

त्याची टर्म गेली. पंधरा दिवस वसतिगृहात राहून, अंगात थोडी ताकद आल्यावर, एका सकाळी तो फाटकाबाहेरच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. त्या लोकांनी त्याला आनंदानं घेतलं. मी इंटर पास झालो, पुढे बी.ए. झालो, मास्तर झालो.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी कराड स्टेशनवर त्याचा थोरला भाऊ भेटला. त्यानंच मला ओळखलं. धाकटा ब्रह्मदेशात लढाईत गेला, म्हणाला. तार आली होती. सामान आलं नाही. मी बाकावर बसलो.

‘लय इचारलं वो त्येला, कोण हुता त्यो म्हून,’ भाऊ म्हणाला. ‘सुट्टीवर आल्ता तवा आईनंबी इचारलं. शेवटपातुर सांगितलं न्हाई. तुमास्नी कवा कळलं का?’

तो माझ्याकडे बघत होता. राग नव्हता त्याच्या तोंडावर, नुसतं जाणून घ्यायचं होतं. आता माझी टर्म जाणार नव्हती, वडीलही राहिले नव्हते. भ्यायला काही उरलं नव्हतं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘मला नाही कळलं.’

‘जाऊ द्या. तुमी तरी शिकलासा,’ तो म्हणाला, आणि गाडी आल्यावर माझी ट्रंक उचलून त्यानंच डब्यात चढवून दिली.