मोठ्या दंडाचा पट्टा

"मोज. मोठ्यानं मोज. मला ऐकू आलं पायजे."

दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान जराशी तिरकी करून, नजर छताच्या पत्र्याकडे लावून वस्ताद हे म्हणायचे. तुम्ही वजन किती उचलता याकडे ते फारसं बघतच नसत. ते ऐकत असत. आणि मोजायचं तेही त्यांच्या पद्धतीनं. 'एक' म्हणायचं नाही. मार्केट यार्डात धान्य मोजताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, तसं आमच्या व्यायामशाळेत पहिल्या उठावाला 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार, असं बारापर्यंत. आता मी बाणेरच्या एका जिममध्ये जातो. तिथे भिंतभर आरसे आहेत, गाणी लागलेली असतात. मी अजूनही 'लाभ'पासून मोठ्यानं मोजतो. तिथला ट्रेनर एकदा अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, मनात काउंट करा ना, बाकीच्यांना डिस्टर्ब होतं." मी त्याला हो म्हणालो आणि पुन्हा मोठ्यानंच मोजलं.

वस्तादांकडे मी हौसेनं गेलो नव्हतो. तेव्हा माझं वय तेहतीस. सगळ्या कंपन्या दोन हजार साल उजाडायच्या आत आपापल्या प्रोग्रॅममधले तारखांचे घोळ निस्तरत होत्या, त्या गडबडीत मीही होतो. कंपनीच्या तपासणीत माझं ब्लडप्रेशर निघालं एकशे साठवर एकशे चार. मी कागद घेऊन शुक्रवार पेठेतल्या आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद बघितला, मग चष्म्यावरून मला बघितलं. "हे आकडे साठीतल्या माणसाचे आहेत. कुणाचे घेऊन आलात?"

मला हसू आलं नाही. माझे वडील याच दुखण्यानं बावन्नाव्या वर्षी एका दुपारी जेवता जेवता कलंडले होते. तेव्हा माझी बारावी चालू होती. डॉक्टरांना ते ठाऊक होतं. त्यांनी गोळी लिहून दिली, मीठ तोडलं, चालायला सांगितलं आणि वर म्हणाले, "थोडं वजन उचलायला शिका. हलकं. पण श्वास रोखायचा नाही. हे शिकवणारा माणूस मिळाला तर जा, नाहीतर राहू द्या."

तो माणूस आमच्या मागच्याच गल्लीत होता. मंडळाची जुनी व्यायामशाळा, पत्र्याचं छप्पर, एका कोनाड्यात मारुती. दारावर पाटी होती : 'आरसा नाही. विचारू नये.' पहाटे साडेपाचला वस्ताद ती उघडायचे आणि आठच्या सुमाराला कुलूप लावून यार्डात हमालीला जायचे. तीस वर्षं त्यांनी गुळाच्या ढेपा आणि तांदळाची पोती वाहिली होती. त्यांचा दंड माझ्या मांडीएवढा होता. हे अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही, एकदा आम्ही दोरीनं मोजून बघितलं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात नुसती दांडी दिली, वजनं न लावता. मला अपमान वाटला. मी दात आवळून, छाती फुगवून ती झटक्यात डोक्यावर नेली. त्यांनी ती वरच्यावर काढून घेतली.

"दम कोंडलास."

"नाही हो."

"कोंडलास. तोंड टमाट्यावानी झालंय. तुला बीपीचं दुखनं ना? मग दम कोंडायचा न्हाय. बोलता बोलता उचल. मोज. ज्याच्या तोंडातनं आकडा निघतो त्याचा दम मोकळा असतो."

ही अक्कल त्यांना कुठल्या पुस्तकातून आली नव्हती. यार्डात त्यांचा एक जोडीदार होता. ट्रकला लावलेल्या फळीवरून पाठीवर पोतं घेऊन चढताना तो दम रोखून धरायचा. एकदा फळीच्या मध्यावर तो थांबला, नाकातून रक्त आलं आणि पोत्यासकट खाली आला. पुन्हा उठला नाही. तेव्हापासून वस्ताद फळी चढताना पावलं मोठ्यानं मोजायचे, आणि व्यायामशाळा हातात आल्यावर त्यांनी सगळ्यांनाच मोजायला लावलं. पहाटे गल्लीतून जाणाऱ्याला आत धान्याचा बाजार भरलाय असंच वाटायचं.

त्यांचा आणखी एक नियम होता. उंबऱ्याच्या आत सगळे 'अरे', बाहेर सगळे 'अहो'. आत मला ते 'कंप्युटर' म्हणायचे. "ए कंप्युटर, गुडघं वाकव, लाजू नको." आणि एकदा लक्ष्मी रस्त्यावर मी माझ्या साहेबांसोबत असताना भेटले, तर हात जोडून मोठ्या अदबीनं म्हणाले, "नमस्कार साहेब. तब्येत बरी ना आपली?" माझे साहेब म्हणाले, कोण हो हे? मी म्हणालो, माझे गुरू. वस्ताद एवढे लाजले की निरोप न घेताच पलीकडच्या फुटपाथवर गेले.

ते पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासल्याच्या धरणापलीकडच्या एका खेड्यातले. पेठेतली मंडळी त्यांच्या बोलण्याला हसली की म्हणायचे, "पानी आमच्या वरनं येतंय तुमच्याकडं, आन् हसताय आमालाच."

सहा महिन्यांत मी नुसत्या दांडीवरून बऱ्यापैकी वजनावर आलो. दर पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडून आलो की वस्ताद दारातच गाठायचे. "वरचा किती? खालचा किती?" वरच्या आकड्याचं त्यांना फार कौतुक नव्हतं, खालच्यावर त्यांचा डोळा होता. ज्या दिवशी खालचा आकडा नव्वदच्या आत आला त्या दिवशी त्यांनी मारुतीला नारळ फोडला. माझ्या हातावर नखाएवढं खोबरं ठेवलं आणि म्हणाले, "तुला एवढंच." मी उत्साहात म्हणालो, वस्ताद, आता गोळी बंद करतो. ते एकदम गंभीर झाले.

"गोळी डॉक्टरची, लोखंड माझं. त्यांच्या कामात मी हात घालत न्हाय, तूबी घालू नको. ते सांगतील तवा बंद."

पुढे डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. निम्मी अजून चालू आहे.

हे सगळं सांगताना मला बरं वाटतं. यापुढचं सांगताना वाटत नाही.

बुधवार पेठेत तेव्हा ब्लडप्रेशर मोजायची छोटी विजेरी यंत्रं नवीन आली होती. मी एक घेतलं आणि व्यायामशाळेत नेलं. त्या दिवशी लोखंडाला कुणी हात लावला नाही. सगळ्यांनी रांग लावून मोजून घेतलं. शेवटी पोरांनी वस्तादांना बसवलं. दंडाला पट्टा गुंडाळला तर त्याची टोकं जेमतेम भेटली. यंत्र हवा भरू लागलं आणि पट्टा चर्रकन उघडला. सगळे हसले, वस्तादही. दुसऱ्यांदा मी पट्टा हातानं दाबून धरला. आकडा आला एकशे शहाऐंशीवर एकशे बारा.

हसणं थांबलं. वस्तादांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्यांचे आकडे ऐकून ऐकून त्यांना या आकड्याचा अर्थ पक्का कळत होता. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती बघितली.

ऑफिसात नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि माझ्या दुखण्यावरचं मिळेल ते सगळं मी वाचून काढत होतो. त्यात मी वाचलं होतं की जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा फुगून येतो. ते मी तिथे, दहा-बारा जणांसमोर, ऐटीत सांगितलं. "वस्ताद, हा आकडा खोटा आहे. तुमचा दंड मोठा, पट्टा लहान. मोठ्या दंडाचा पट्टा वेगळा असतो. मी पुढच्या महिन्यात अमेरिकेला चाललोय, तिकडून आणतो. मग खरं कळेल."

सगळ्यांना हायसं वाटलं. वस्तादांनी दंडावर थाप मारली. "म्हंजे यंत्रापरीस आमीच मोठं निघालो."

मी सांगितलं ते चुकीचं नव्हतं. पण लहान पट्ट्यानं आकडा थोडा फुगतो, एवढा नाही, हेही मी वाचलं होतं. उद्या माझ्यासोबत डॉक्टरांकडे चला, एवढं एक वाक्य मी बोललो नाही. का बोललो नाही? त्या माणसाला ब्लडप्रेशर असेल हे मलाच मानवत नव्हतं. ज्यानं माझा आकडा खाली आणला त्याचा आकडा वर कसा असेल, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, मला तेव्हा हुशारी दाखवायची होती.

अमेरिकेतलं तीन महिन्यांचं काम आठ महिने लांबलं. पट्टा मी पहिल्याच आठवड्यात घेतला, चांगला रुंद, निळ्या रंगाचा. तो माझ्या बॅगेत राहिला. मधल्या काळात ऑफिसातले दोघं पुण्याला परतले. त्यांच्याबरोबर मी घरी चॉकलेटं पाठवली, मुलीसाठी बाहुली पाठवली. पट्टा पाठवला नाही. तो वस्तादांच्या दंडाला मला स्वतःच्या हातानं बांधायचा होता, सगळ्यांसमोर.

मग एका रविवारी फोनवर बायको म्हणाली, "अरे, तुझे वस्ताद पडले."

पोतं उचलताना नाही. यार्डात पायरीवर बसून चहा पिताना बशी हातातून निसटली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

मी परत आलो तोवर चार महिने उलटले होते. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांच्या पत्र्याच्या दोन खोल्या. वस्तादांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, दार उघडलं, मला ओळखलं, बसायला पाट दिला. वस्ताद कॉटवर उशीला टेकून होते. मला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला. तोंडातून नुसता 'ह... ह...' असा आवाज आला. वहिनी सांगत होत्या, "लई डोकं दुखायचं म्हनायचे. मी म्हनलं, दवाखान्यात दाखवून या. तर म्हनायचे, साहेबांचा पट्टा येऊ दे, मग बघू. रोजचं त्येच." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जे घडलं ते त्या नुसतं सांगत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आनलाय का तुमी?"

मी बॅगेतून यंत्र आणि पट्टा काढला. त्यांच्या उजव्या दंडाला गुंडाळला. एकदा दोरीनं मोजलेला तो दंड आता साध्या माणसाच्या दंडाहून बारीक झाला होता, कातडी लोंबत होती. निळा पट्टा दोन वेढे होऊनही सैल राहिला आणि घसरून कोपरावर आला. मी डावा हात धरला. तोही उतरला होता. शेवटी यंत्राबरोबरचा साधा पट्टाच लावला. तो व्यवस्थित बसला. आकडा आला एकशे तीसवर ऐंशी. आता गोळ्या वेळच्या वेळी चालू होत्या.

वस्तादांनी भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं. मी म्हणालो, "खालचा ऐंशी, वस्ताद." त्यांनी समाधानानं डोळे मिटले. मला तिथे बसवेना.

उठून मी कोपऱ्यात गेलो. तिथे पाण्यानं भरलेला प्लॅस्टिकचा कॅन होता. काहीतरी करायला हवं होतं म्हणून तो मी उजव्या हातानं उचलू लागलो, खाली-वर, दात आवळून. रडू येऊ नये म्हणून दम कोंडून धरला होता. मागून कॉटवर धपकन हात आपटल्याचा आवाज आला. वळून बघतो तर वस्ताद रागानं लाल झाले होते. डावा हात पुन्हा एकदा त्यांनी कॉटवर आपटला, आणि त्यांच्या तोंडातून स्वच्छ शब्द आला.

"लाभ."

वहिनी हातातलं टाकून उभ्या राहिल्या.

"दोन," वस्ताद म्हणाले. "तीन. चार." मी कॅन उचलत राहिलो. ते बारापर्यंत न अडखळता गेले. चार महिन्यांत त्यांना पाणी मागता आलं नव्हतं, बायकोचं नाव घेता आलं नव्हतं. वहिनींनी पदर तोंडात कोंबला. डॉक्टरांना मी नंतर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, असं होतं कधी कधी, जन्मभर घोटलेलं तेवढं उरतं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी मी जायचो. गप्पा होण्यासारख्या नव्हत्या. मी कॅन उचलायचो, ते मोजायचे. वहिनी स्वयंपाक थांबवून दारात येऊन ऐकायच्या, कारण घरात त्यांचा आवाज तेवढाच येई. मला माफी मागायची होती. पाच-सहा वेळा मी वाक्य मनाशी जुळवून गेलो. पण मी थांबलो की ते हात आपटायचे आणि मला कॅन उचलावा लागायचा. ती माफी माझ्याकडेच राहिली.

दीड वर्ष असं चाललं. थंडीतल्या एका रविवारी त्यांचा आवाज फार खोल गेला होता. मी कॅन उचलला. लाभ आला, दोन आले, तीन-चार आले. सातपाशी ते थांबले, जरा वेळानं आठ म्हणाले. नऊ फक्त ओठांवर दिसला. पुढे काहीच नाही. त्यांचे डोळे उघडे होते, पत्र्याकडे लागलेले, मान जराशी तिरकी. ते ऐकत होते.

पुढच्या बुधवारी ते गेले. पण त्या रविवारी माझ्या हातात कॅन होता आणि तीन आकडे बाकी होते. मी दम मोकळा केला आणि मोजले. दहा. अकरा. बारा. मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं.