सरळ गाडीचं वाकडं स्टेअरिंग

कचरा नावाची वस्तू देवानं जन्माला घातलेलीच नाही, असं मनापासून मानणारा या भूतलावर एकच माणूस आहे आणि माझ्या भाग्यानं तो आमच्या शेजारी राहतो. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणते, म्हणून मीही नानाच म्हणतो. आमच्या विट्याकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात मुलूखभर पांगलेली आहेत. नानांनीही दक्षिणेतल्या एका शहरात तीस-बत्तीस वर्षं भट्टीपुढे काढली आणि मग दुकान मुलाच्या हाती देऊन ते नानींसह गावी परतले. भट्टी तिकडेच राहिली, सवयी तेवढ्या सोबत आल्या. सोनं गाळणाऱ्याच्या दुकानात जमिनीवरची धूळसुद्धा बाहेर टाकत नाहीत. ती साठवतात, जाळतात, धुतात आणि तिच्यात चुकून पडलेला सोन्याचा कण परत मिळवतात. त्यामुळे सगळं जग अंगण आतून बाहेर झाडतं, तर नाना बाहेरून आत झाडतात. जेवून हात धुतात ते घमेल्यात, आणि ते पाणी झाडाला घालण्याआधी तळाशी काही बसलंय का ते वाकून बघतात. "आवं, भेंडीची भाजी खाल्लीया तुमी, सोनं कुठनं येतंय त्यात?" असं नानी दारातून विचारतात. त्यावर नाना शांतपणे म्हणतात, "बघाय काय जातंय?"

दुसरी सोबत आलेली गोष्ट म्हणजे काचेच्या पेटीतला छोटा तराजू. त्यावर तोलली नाही अशी वस्तू आमच्या गल्लीत शोधावी लागेल. वाण्याकडची वेलदोड्याची पुडी, नानींच्या गुडघेदुखीच्या गोळ्या, लग्नपत्रिका, सगळं आधी पेटीत जातं. "पत्रिका जड हाय, जेवान हलकं आसनार," हे त्यांचं भाकीत मी तरी चुकलेलं पाहिलेलं नाही. मी बारावीला नापास झालो, तेव्हा दुसऱ्याच्या रानात राबणारे माझे वडील मला घेऊन नानांकडे गेले होते. नाना त्या वेळी यात्रेसाठी गावी आले होते. "ह्येला भट्टीवर तरी घ्या," वडील म्हणाले. नानांनी मला वरपासून खालपर्यंत असं न्याहाळलं, की आता उचलून पेटीतच ठेवतात की काय असं मला वाटलं. मग ते वडिलांना म्हणाले, "एकदा गाळून काय निगालं न्हाई म्हनून माती फेकून देत्यात व्हय? परत बसवा परीक्षेला." नुसतं बोलून थांबले नाहीत. परीक्षेच्या वेळी पुन्हा गावी आले आणि प्रत्येक पेपरला आपल्या गाडीतून मला केंद्रावर सोडून, पेपर सुटेपर्यंत बाहेर चिंचेखाली बसून राहिले. पुढे सांगलीच्या कॉलेजातून मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदाच आला, आणि तोही अर्थात तराजूवर गेला. "अकरा गिराम," नाना म्हणाले, "एवढ्याशासाठी लय जाळ लागला, गड्या." आज मी पलूसजवळच्या शाळेत इतिहास शिकवतो. तो अकरा ग्रॅमचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावला आहे, आणि त्याच्याकडे पाहिलं की मला अजून चिंचेखाली वर्तमानपत्र वाचत बसलेले नाना दिसतात.

आता त्या गाडीविषयी. ती पांढरी, छोटी, वीस वर्षांची आहे आणि तिचा प्रत्येक आवाज नाना ओळखतात. तिच्यावर रागावले की ते तिकडच्या दक्षिणी भाषेत रागावतात, कारण ती तिकडची आहे, तिला मराठी शिव्या लागत नाहीत असं त्यांचं मत. गेल्या वर्षी तिच्या स्टेअरिंगखालच्या दोन्ही दांड्या, इंडिकेटरची आणि वायपरची, एकदमच कामातून गेल्या. दुसऱ्या कुणी गाडी गॅरेजला नेली असती. पण गॅरेजवाले गाडी उघडतात आणि खाली सांडलेलं सगळं झाडून रस्त्यावर लोटतात, हे नानांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे त्यांनी वेगळी व्यवस्था लावली. उजवीकडे वळायचं असलं की ते स्वतः हात बाहेर काढायचे आणि डावीकडे वळायचं असलं की म्हणायचे, "नानी, डावं!" शेजारी बसलेल्या नानी पदर सावरून हिरव्या बांगड्यांचा हात खिडकीबाहेर ताठ धरायच्या. पावसात काठीला बांधलेल्या फडक्यानं काच पुसायचं कामही त्यांचंच. विट्याच्या बाजारपेठेत पुढच्या गाडीतून बांगड्या चमकल्या की मागचे रिक्षावाले आपोआप वेग कमी करायचे. पंचाईत व्हायची ती दोघांचं भांडण झालं की. एकदा कशावरून तरी नानी रुसल्या आणि हाताची घडी घालून बसल्या. नानांनी दोनदा "डावं" म्हणून पाहिलं, हात काही हलला नाही. मग त्या हट्टी माणसानं काय करावं? डावीकडच्या पिठाच्या गिरणीत जायला त्यांनी तीन उजवी वळणं घेतली आणि सगळ्या बाजाराला प्रदक्षिणा घालून ते गिरणीपुढं उभे राहिले. "डावा इंडिकेटर रुसलाय," त्यांनी गिरणीवाल्याला कारण सांगितलं. तेव्हा मात्र नानींना हसू आवरलं नाही.

ही गंमत संपली ती त्यांच्या मुलाच्या फोननं. यात्रेला तो गावी येणार होता. फोनवर तो म्हणाला, "नाना, गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलंय. मी येतो, बसून बघतो. नीट आसंल तर ठेवू, न्हाईतर देऊन टाकू. आईचा हात एक दिवस कुनीतरी ठोकरून जाईल." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण नानींचं माहेर आटपाडीच्या पुढं, एका वस्तीवर. तिथं त्यांची थोरली बहीण एकटी असते. तिला दिसत कमी, यांचे गुडघे दुखतात, आणि वस्तीपर्यंत एसटी जात नाही. दर अमावास्येनंतरच्या पहिल्या रविवारी या दोघी बहिणी भेटतात, त्या केवळ या गाडीच्या जोरावर. फोन ठेवल्यावर नाना बाहेर जाऊन गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग मला हाक मारून म्हणाले, "गाडी गेली तर हिचं म्हायेर गेलं. ती दांडी बदलायची. तू वाच, मी करतो. तू पदवीधर हायस."

"नाना, माझा विषय इतिहास हाय."

"मंग बरोबर हाय की. गाडी बी इतिहासच हाय."

सांगलीच्या एका दुकानातून मी नवा जोडस्विच आणला. दोन्ही दांड्या एकाच तुकड्यात असतात, ही माहिती मला त्या दिवशी पहिल्यांदा झाली. यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. नानांनी धुतलेली पांढरी चादर गाडीखाली अंथरली, दुसरी सीटवर. मी मोबाइलवर व्हिडिओ लावून शाळेतल्यासारखा मोठ्यानं सांगू लागलो. आधी बॅटरीची वायर सोडवली. मग हॉर्नचं झाकण काढलं. मग मधला मोठा नट सैल केला, पण पुरता काढला नाही, नाहीतर ओढताना स्टेअरिंग नाकावर येतं. आम्ही दोघांनी स्टेअरिंग धरून असं हलवायला सुरुवात केली, की नानी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "गाडी हाय का नारळ? सोलताय जनू!" ते सैल झालं, तेव्हा व्हिडिओतला माणूस म्हणाला की स्टेअरिंग बाहेर काढण्याआधी खूण करून घ्या. ते आतल्या दांड्याच्या बारीक दात्यांवर बसतं, एक दाता इकडंतिकडं झाला तरी वाकडं होतं. खूण करायची म्हटल्यावर माझी छाती फुगली. शिक्षकाच्या खिशात खडू असतोच. मी दांड्यावर एक आणि स्टेअरिंगवर एक, समोरासमोर अशा दोन सुबक पांढऱ्या रेघा ओढल्या. एवढ्या कामात माझ्या शिक्षणाचा तेवढाच उपयोग झाला.

मग नट काढून स्टेअरिंग बाहेर घेतलं आणि मी जुना स्विच सोडवून नवा बसवू लागलो. नाना शेजारी निवांत त्यांच्या कामाला लागले. वीस वर्षांची धूळ उघडी पडली होती, आणि वीस वर्षांची धूळ समोर असताना नाना हातावर हात ठेवून बसतील, हे शक्यच नव्हतं. मऊ ब्रशनं त्यांनी दांडा झाडला, स्टेअरिंगचा मधला भाग झाडला, फट न् फट झाडली आणि सगळं कागदावर गोळा करून त्याची नीट पुडी बांधली. मी स्विचचे स्क्रू आवळून मान वर केली.

"नाना, खूण कुठाय?"

"कसली खूण?"

"खडूची. आत्ता काढली हुती की."

नानांनी दांड्याकडं पाहिलं, तो लखलखत होता. स्टेअरिंगकडं पाहिलं, तेही लखलखत होतं. मग त्यांचं लक्ष हातातल्या पुडीकडं गेलं. त्यांनी ती हळूच उघडली. करड्या धुळीत पांढरी भुकटी स्वच्छ दिसत होती. "हितं हाय," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "वाया न्हाई गेली." बत्तीस वर्षांत सोन्याचा एक कण ज्यानं हरवला नव्हता, त्यानं खूणही हरवली नव्हती. फक्त ती आता काही सांगू शकत नव्हती.

गाडीची चाकं उतारामुळं जरा वळवून लावलेली, त्यामुळं सरळ कुठलं तेही कळेना. अंदाजानं स्टेअरिंग बसवलं, नट आवळला, बॅटरी जोडली. दांडी दाबली तर टिक-टिक-टिक! समोर केशरी दिवा लागला. वायपरही फिरला. नानी दिव्याकडं बघत राहिल्या. "म्हंजी माझं काम गेलं म्हना की," त्या हसत म्हणाल्या, पण हात मात्र पदराखाली गेला. गल्लीत एक फेरी मारली आणि कळलं, गाडी सरळ जात होती, पण स्टेअरिंग डोकं कलवून बसल्यासारखं वाकडं होतं. एका दात्यानं चुकलं होतं. "परत उघडू," मी म्हणतोय तोवर फाटक वाजलं. मुलगा एक दिवस आधीच आला होता.

त्यानं बॅगसुद्धा आत नेली नाही. "चला, नाना, चालवा. मी मागं बसतो." मला त्यानं आपल्या शेजारी बसवलं. नानी नेहमीसारख्या पुढं डावीकडं बसल्या. "स्टेरिंग वाकडं हाय," तो निघाल्या निघाल्या म्हणाला.

"व्हय. गाडी सरळ हाय."

गावाबाहेर डावं वळण आलं. मागं उसाचा ट्रॅक्टर. नानांनी ऐटीत दांडी दाबली, टिक-टिक सुरू झालं, गाडी वळू लागली आणि वळण अर्ध्यात असतानाच दिवा आपोआप मालवला. स्टेअरिंग वाकडं बसल्यावर दांडी वेळेआधीच जागेवर येते, हे व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं नव्हतं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा खिडकीबाहेर हिरव्या बांगड्यांचा हात ताठ धरलेला होता. कुणी "डावं" म्हटलं नव्हतं. नानी बोलणं न थांबवता बहिणीला काय काय न्यायचं ते सांगत होत्या. मागचा ट्रॅक्टर थांबला, त्याच्या ड्रायव्हरनं हात वर करून नमस्कार केला, आणि आम्ही वळलो. मुलगा बराच वेळ त्या हाताकडं बघत होता. घरी पोचल्यावर त्यानं गिऱ्हाइकाला फोन लावला आणि एवढंच म्हणाला, "गाडी द्यायची न्हाई." मग नानींकडं वळून, "आई, हात जरा आतच धर. बांगड्यांपुरता भाईर काढ."

दिवाळीच्या सुट्टीत मी नानांना म्हणालो, आता सवडीनं तो एक दाता सुधारून टाकू. नाना ती धुळीची पुडी तोलत बसले होते. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराकडं एकवार पाहून हलक्या आवाजात, "दिवा पुरता चालाय लागला तर ही नुसती बसून ऱ्हाईल रं." आणि पुडी माझ्या हातात दिली. "तुझा खडू हाय ह्यात. नीट ठिव."

ती पुडी माझ्या शाळेतल्या कपाटात आहे. एखादा पोरगा चाचणीत नापास झाला की तिच्याकडं लक्ष जातं आणि मी त्याला पुन्हा बसवतो. अमावास्येनंतरच्या रविवारी कधी मोटारसायकलवर त्यांच्या गाडीमागं सापडलो, तर मी पुढं जात नाही. आटपाडीच्या फाट्यावर केशरी दिवा लागतो, अर्ध्यातच विझतो आणि खिडकीतून हात बाहेर येतो. पूर्वीइतका ताठ नाही, कोपरात आता जरा वाकलेला असतो. पण गाडी वळते.