दाजींचं अधिकचं चिन्ह

शेजारी असूनही वेगळ्या राहिलेल्या दोन गोष्टी माझ्या दाजींना, म्हणजे थोरल्या अक्काच्या यजमानांना, आयुष्यात कधी बघवल्या नाहीत. ताटात मेथी, पिठलं आणि ताक आलं की ते आधी सगळं कालवून टाकत. "अहो, एकेकाची चव तरी घ्या," अक्का म्हणे. "पोटात काय खण हायेत व्हय गं?" कळंबच्या स्टँडवर एसटीची वाट बघता बघता त्यांनी एका मुलीच्या बापाला उठवून एका मुलाच्या मामाशेजारी नेऊन बसवलं. सोयरीक जमली, पण दाजींची गाडी तेवढी निघून गेली.

अशा माणसाच्या हाती आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यानं, ऐंशीचं दशक सरता सरता, नवाकोरा कॉम्प्युटर दिला. त्यात प्रत्येक गावाच्या उसाची वेगळी फाईल होती. दाजी 'कॉपी' टाइप करून फायलींची नावं लिहीत, मध्ये अधिकचं चिन्ह देत, की सगळ्या गावांची मिळून एकच फाईल होई. "बघा पाव्हणं," ते मला म्हणाले, "पाण्यावरून डोकी फोडणारी गावं इथं कशी गुमान नांदत्येत!"

त्या वर्षी पावसानं दगा दिला. उभा ऊस वाळायला लागला आणि तोड या जोडलेल्या फायलीच्या क्रमानं करायचं ठरलं. जे गाव आधी टाइप होईल ते वर, हे कळताच कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला. कुणी गूळ आणला, एकानं तर जिवंत कोंबडा आणला. दाजींनी गूळ परत केला, खोलीभर पळून कोंबडा धरला, तोही परत केला, आणि जोडलेल्या फायलीवर 'सॉर्ट' चालवलं. आता ज्या शेतकऱ्याच्या उसाची लागण आधीची, त्याचं नाव वर. गावं पार एकमेकांत मिसळून गेली.

"आमचं गाव कुठं गेलं हो?" एक संचालक कडाडले.

"कुठं जातंय, साहेब? सगळ्यांत हाय की," दाजी म्हणाले.

त्यांची स्वतःची लागण उशिराची होती. ऊसतोडीची टोळी शेतावर पोचली तोवर उसाचं सरपण झालेलं. अक्काचा राग काही केल्या उतरेना. मी गेलो त्या दिवशी बांधावर बसून म्हणाली, "आपलं एक नाव वर घेता आलं नसतं?"

"आलं असतं," दाजी म्हणाले. "म्हणून तर लई जड गेलं."

मग त्यांनी वाळलेलं एक कांडं सोललं, चावलं. "गोड हाय की गं."

मीही चावून पाहिलं. नुसता चोथा होता. मी तोंड उघडणार, तोच अक्कानं मला डोळ्यांनी दटावलं आणि दाजींपुढं हात केला.

"द्या मलाबी."