अपडेट करू नये

"परवा हिने हात लावला होता याला. तेव्हापासूनच बिघडलंय."

सर हे पाहुण्यांसमोर बोलले. माझ्याकडे न बघता. मी तीन फुटांवर उभी होते.

पाहुणे अभनपुरचे. धानाच्या गोदामांचे मालक, एक म्हातारे दाऊजी आणि त्यांचे दोन पुतणे. त्यांना दाखवायचं होतं ते यंत्र म्हणजे मुठीएवढी डबी. तिची सळई पोत्यात खुपसायची. धानाला ओल चढली की घंटा वाजते. डबीत एक छोटा बोर्ड असतो, आणि त्यात प्रोग्राम भरावा लागतो लॅपटॉपवरून. तो प्रोग्राम मी लिहिला होता. पाच महिने लिहून राहिली होती.

डबी चालत होती. घंटा वाजलीसुद्धा. मग दाऊजी इकडच्या बोलीत म्हणाले, "चौदा म झन बजावव, सतरा म बजावव." चौदा टक्के ओलीवर नको, सतरावर वाजवा. एक आकडा बदलायचा होता फक्त. शुभमने बदलला, बटण दाबलं, आणि अर्धा पडदा लाल ओळींनी भरला. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

तेव्हा सर ते वाक्य बोलले. आणि वरून, "तू बाजूला हो गं. चहाचं बघ."

मी इंजिनिअर आहे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली. बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत खलाशी, म्हणजे मदतनीस होते. शंकर नगरच्या या ऑफिसात मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते. काम पटलं तर इंजिनिअरचं पत्र, नाही तर नमस्कार. सहा महिने भरायला आठ दिवस उरले होते. त्या पत्रासाठी मी चहा टाकला.

शुभम सरांचा भाचा. माझ्यानंतर दोन महिन्यांनी आला, पण पहिल्या दिवसापासून खिडकीजवळ बसला. पोरगा वाईट नाही. मी त्याच्यावर जळायची. सरळ सांगते. त्याला आठवीत वाढदिवसाला बोर्डाचा आख्खा संच मिळाला होता. मी बोर्ड पहिल्यांदा पाहिला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी. सहा पोरींत मिळून एक. माझ्या वाट्याला वायरींचे रंग वाचून दाखवायचं काम. त्याच्या घरी मामा-भाचे जेवताना सर्किटबद्दल बोलायचे. आमच्या घरी जेवताना बोलणं व्हायचं ते शिफ्टचं.

पण हे सगळं मी गिळलं असतं. जळायची ते वेगळ्याच गोष्टीवर. त्याला चुकता यायचं. त्याच्या हातून बोर्ड जळला तर सर म्हणायचे, "शिकतोय." माझ्या हातून एक वायर उलटी लागली तर म्हणाले, "तुमच्याकडे कुणी केलेलं नाही ना हे आधी." तुमच्याकडे. हा शब्द ते फार जपून ठेवायचे, जागेवर वापरायचे.

सरांचं घर तात्यापाऱ्यातलं, या परमुलखातल्या जुन्या मराठी वस्तीतलं. माझी बोलीही मराठीच, पण वेगळी. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, "सर, मले हे समजलं नाही," तर ते पोट धरून हसले. "मले? अगं, मला म्हण." शुभमही हसला. तेव्हापासून ऑफिसात मी 'मला' म्हणायची. घरी जाऊन 'मले'. बसमध्ये गप्प.

आदल्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. सर म्हणाले होते, "तू उद्या सुट्टी घे. तुमच्यात नसतं ना हे." आम्ही बौद्ध. नसतं, खरं आहे. पण जिथं माझं यंत्र ठेवून फुलं वाहणार, तिथून मलाच सुट्टी. घरी आईसोबत लसूण सोलला.

आता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिले तर लॅपटॉप नीट दिसला. कीबोर्डच्या कोपऱ्यात कुंकवाचा टिळा. घासून चकचकीत केलेला. आणि पडद्याच्या कडेला मी चिकटवलेली चिठ्ठी नव्हती. 'अपडेट करू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं मी. ओल मोजणाऱ्या सळईचा कोड जुना. तो सॉफ्टवेअरच्या जुन्याच आवृत्तीवर चालतो. नवीन टाकली की लाल.

आणि पडद्यावरच्या सॉफ्टवेअरचं रूपच बदललेलं. बटणं दुसरीकडे, रंग दुसरा.

मला उभ्या उभ्या कळलं. पूजेआधी लॅपटॉप पुसला, चिठ्ठी घाण म्हणून खरवडली. मग शुभ दिवस आहे, जुनं कशाला, म्हणून सगळं नवीन टाकलं. अवजारांचा सण आणि अवजाराचीच मोडतोड.

मी बोलले नाही. खोटं काहून बोलू, मला मजा वाटली. शुभमने केबल बदलली. पोर्ट बदललं. लॅपटॉप बंद करून चालू केला. प्रत्येक वेळी तो सगळ्यात खालची ओळ वाचायचा. खालची ओळ फक्त एवढंच सांगते की झालं नाही. काय अडलं ते वरची पहिली ओळ सांगते. वर जायला त्याला सुचेना. त्याच्या कानामागे घाम आला. मी तो घाम मोजून राहिली होती.

मग तो उठला, साखर घ्यायच्या निमित्ताने माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "काय झालंय गं? सांग ना पटकन."

ही आमची रोजची पद्धत. मी कानात सांगायची, तो मोठ्याने बोलायचा. तो आल्यापासून असंच चाललं होतं. मला वाटायचं, पत्र मिळेपर्यंत चालवून घेऊ.

"इथं नाही सांगत," मी म्हटलं.

"अगं, वेळ नाहीये."

मी ट्रे खाली ठेवला. सरळ टेबलापाशी गेले.

"सर, मले खुर्ची द्या."

मले. निघून गेलं तोंडातून. परत घेतलं नाही.

सर म्हणाले, "तुला चहा सांगितला होता."

"चहा झाला. खुर्ची द्या."

दाऊजी हसले. "बइठन दव न नोनी ल." बसू द्या ना पोरीला. पाहुण्यापुढे सर काय बोलणार? मी बसले.

पहिली लाल ओळ मोठ्याने वाचली. मग सॉफ्टवेअरच्या यादीत तारीख उघडून दाखवली. "हे सगळं काल सकाळी अकराला नवीन टाकलंय. काल मी सुट्टीवर होते. तुम्हीच दिली होती." जुनी आवृत्ती निवडली. ती उतरायला आठ-दहा मिनिटं लागली. चहा गार झाला. मग बटण दाबलं. लाल नाही. ओल्या धानाच्या पोत्यात सळई खुपसली. सोळा. साडेसोळा. सतरा. घंटा.

दाऊजींनी विचारलं, "कोन बनाय हे एला?" कुणी बनवलंय हे?

सर म्हणाले, "आमच्या टीमने."

"मी," मी म्हटलं.

पाहुणे गेल्यावर शुभम म्हणाला, "सॉरी मामा, मीच अपडेट मारलं होतं." सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "होतं रे." तेवढंच. चूक सापडली आणि तिथंच संपली. मग माझ्याकडे वळले, "आणि तू जरा बोलायची रीत शीक."

त्या थापेवर मी अजून जळते.

आठ दिवसांनी पत्र आलं. तांत्रिक सहायक. इंजिनिअरचं पत्र शुभमला. सर म्हणाले, "काम तर तुला येतंच. नावात काय आहे?"

"मग त्याला सहायक करा, सर. नावात काही नाही तर."

पत्र टेबलावर ठेवून निघाले. सही केली नाही. आईने विचारलं, "काहून सोडलं वं पोट्टे? सावलीतलं काम होतं." बाबा म्हणाले, "वॅगनवर आमचं नाव कुठंच नसे. नंबर असे फक्त."

आता मी घरूनच काम करते. कुणाचं सॉफ्टवेअर अडलं की सोडवून देते, कुणाला नवं यंत्र बांधून देते. हेवा गेलेला नाही. शुभमसारखा पोरगा दिसला की मी जळतेच, आणि ती आग विझावी असं मला वाटत नाही. पण मी कानात सांगणं बंद केलं आहे. मी लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत माझं नाव असतं, बाबांच्या नावासकट. ती ओळ काढा म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही. दोघांना परत पाठवलं आहे. तिसरा आला तर त्यालाही पाठवीन.