लॅपटॉपला जपणारे काका

आमच्या शेजारचे काका बोटीवर इंजिनरूममध्ये होते. आता घरी बसून महागड्या लॅपटॉपवर मोटारींच्या शर्यती खेळतात. प्रोसेसरचा वेग वाढवायचा आणि लॅपटॉप मात्र थंड ठेवायचा, हा त्यांचा हट्ट. खाली स्टँड, समोर टेबलफॅन, आणि मान तिरकी करून ते आतल्या पंख्याचा आवाज ऐकतात. "धाप लागलीय बघ त्याला," म्हणतात. शर्यत चालू असताना काकींनी बांगडे तळायचे नाहीत, कारण घर तापतं. काकींना त्या खेळाचा भयंकर राग.

आषाढात चार दिवस कपडे वाळत नव्हते. त्यात सकाळी लाईट गेली. माझी बँकेत मुलाखत, आणि असलेला एक पांढरा शर्ट ओला. शर्ट घेऊन काकांकडे धावलो, पण त्यांच्या इन्व्हर्टरवर इस्त्री चालत नाही. त्यांनी शर्टाकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं, आणि टेबलफॅन बंद केला.

"धर इथे."

सगळ्यात जड शर्यत लावून त्यांनी वेग शेवटापर्यंत चढवला. बाजूच्या जाळीतून भट्टीसारखी हवा यायला लागली. तापमान नव्वदच्या पुढे गेलं तसे काकांनी डोळेच मिटले. गाडी कठड्यावर आपटली, पण त्यांनी शर्यत थांबवली नाही. शर्ट सुकला.

संध्याकाळी मुलाखतीचं सांगायला गेलो, तर काकींनी लॅपटॉपच्या जाळीसमोर दोरी बांधून टॉवेल वाळत घातलेले. काका रडवेल्या तोंडाने शर्यत खेळत होते. मला बघून सुटका झाल्यासारखे उठले.

"उठू नका हो," काकी आतून ओरडल्या, "चादरी राहिल्यात अजून!"